फाटकातली विचारपूस

काठी आडवी धरायची, टोपी मागे सारायची आणि समोर कोणीही असो, कोण आहात ते आपल्या अहिराणीत विचारायचं, "कोन शेतस तुम्ही?" धरणगावच्या आमच्या जिनिंग फॅक्टरीच्या फाटकावर पहारेकरी नाना असे उभे असायचे. मी तिथे टाइम ऑफिसात कारकून. रोज त्यांच्यासमोरून जात होतो, तरी माझीही सुटका नव्हती. एकदा तर त्यांनी शेठजींच्या गाडीलाच काठी लावली.

"अहो नाना, मी!" शेठजी म्हणाले.

"मी म्हंजे कोन? नाव सांगा."

शेठजींनी हसत नाव सांगितलं, तेव्हा कुठे काठी वर गेली. तुम्ही म्हणाल, माणूस तऱ्हेवाईक. होताच. पण आत कापसाच्या गंज्या लागलेल्या असायच्या आणि एका विडीत सगळ्याची राख होते, हे नानांनी तरुणपणी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

या धाकापायी एका उन्हाळ्यात त्यांनी भलताच घोटाळा केला. रस्त्यापलीकडे लिंबाखाली विडी ओढत बसलेल्या परक्या माणसाला धरून आणलं आणि नाव सांगेना म्हणून फाटकाच्या केबिनमध्ये बसवून ठेवलं. तो निघाला चोपड्याहून आलेला, गावातल्याच एका घरचा जावई. पुढे काय झालं असेल ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. अर्धी गल्ली फाटकावर भांडायला आली. शेवटी शेठजींच्या वकिलांनी नानांना बसवून समजावलं, "आत येणाऱ्याला नाव जरूर विचारा. नाही सांगितलं तर आत सोडू नका. पण रस्त्यावरच्याला विचारायला तुम्ही पोलीस नाही. आणि असं कोणाला अडकवून ठेवाल तर तुम्हालाच कोर्टात उभं राहावं लागेल."

नानांनी ते फारच मनावर घेतलं. फाटकाशी चुन्याची एक रेघ ओढली. "रेघना आत मन्हा कायदा, बाहेर सरकारना," म्हणायचे. रेघेबाहेर ते ओळखीच्या माणसालाही "कुठे निघालात?" एवढंसुद्धा विचारेनात. नानांचं सगळंच टोकाचं.

मुलीच्या बाबतीतही तसंच. सुमन त्यांची एकुलती एक. तिने स्वतःच्या पसंतीने जातीबाहेर लग्न केलं आणि नानांनी तिच्याशी जन्मात बोलणार नाही अशी शपथ घेतली. बाजारात ती समोर आली की ते तोंड फिरवत. तिची आई गेली त्या दिवशीही ती ओट्याखाली उभी राहून परत गेली. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मग एका दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला आणि कापूस निवडायला आलेल्या बायांच्या रांगेत सुमन उभी दिसली. मी खिडकीतून बघत होतो. नानांची काठी आडवी झाली.

"कोन शेस तू?"

"सुमन."

"गाव?"

"आठलंच, धरणगाव."

बायांना नाना नवऱ्याचंही नाव विचारायचे. बाई ते घेत नाही, म्हणून मागे उभी असलेली सांगायची आणि रांगेत खसखस पिकायची. सुमनला मात्र नानांनी ते विचारलं नाही. कोणी हसलंही नाही. काठी वर गेली.

मग रोज सकाळी तेच. नोकरीचं विचारणं म्हणजे काही बोलणं नव्हे, त्यामुळे शपथही शाबूत राहिली. हळूहळू चौकशी वाढत गेली. "डबामा काय शे?" "डोया का लाल शेतस?" "खोकला कवयपाशी शे, किती दिन झायात?" इतकी कसून चौकशी फौजदाराने चोराची केली नसेल. तीही मान खाली घालून सगळ्याची उत्तरं द्यायची. संध्याकाळी ती रेघ ओलांडून रस्त्यावर गेली, की नाना दुसरीकडे बघायचे.

पुढच्या हंगामात शेठजींनी फोटोचे पास काढले. पास असेल त्याला विचारायचं काही कारण उरलं नाही. सुमनने पास दाखवला, नाना त्याच्याकडे बघत राहिले आणि बाजूला झाले. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी ती पास विसरून आली. तिसऱ्या दिवशीही.

"आज बी इसरनी?" नाना करड्या आवाजात विचारायचे.

"इसरनू."

"मंग सांग नाव."

पासाची दोरी तिच्या पोलक्यातून बाहेर लोंबत असायची. ती मला दिसत होती, म्हणजे नानांनाही दिसतच असणार.

पुढे नानांच्या छातीने दगा दिला आणि त्यांना जळगावच्या दवाखान्यात ठेवलं. तिथून ते परत आले नाहीत. आठवडाभराने तिथेच गेले, हे आधीच सांगून टाकतो. पण त्याआधीच्या रविवारी मी भेटायला गेलो, तेव्हा वॉर्डाच्या दारात सुमन अडकून उभी होती.

"पेशंटची कोण तुम्ही?" दारावरचा शिपाई विचारत होता. "आत फक्त घरच्या माणसांना सोडतो."

तिने आत खाटेकडे पाहिलं. बापाने टाकलेलं नातं बापासमोर आपण कसं सांगावं? खाट दाराजवळच होती. नाना कसेबसे कोपरावर उठले.

"मन्ही पोर शे ती," ते म्हणाले. "येऊ दे तिले."

ती आत येऊन त्यांच्या पायांशी बसली. मी स्टूल ओढलं.

"तुले पोऱ्या शे ना?" नानांनी विचारलं.

"शे."

"नाव काय त्यानं?"

"गणेश."

"पुरं सांग."

पुरं म्हणजे मधलं बापाचं नावही आलं. ज्या जावयाचं नाव नानांनी आजवर कानावर येऊ दिलं नव्हतं, ते. सुमनने सवयीने माझ्याकडे पाहिलं, मी सांगेन म्हणून. मला ठाऊक होतं, पण मी गप्प राहिलो. मग तिने पदर तोंडाशी धरला आणि मुलाचं, नवऱ्याचं, आडनावासकट सगळं नाव सांगितलं. नानांनी डोळे मिटून ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

"सकाय दोन्ही बापलेकसले संगे लई ये," ते म्हणाले.