नाझियाच्या दुआला आमीन

देव परीक्षा घेतो, असं सगळेच म्हणतात. मी शाळेत मराठी शिकवते. परीक्षा घेणं माझं रोजचंच काम. पण द्यायची वेळ आली, तेव्हा एक साधा शब्द माझ्याच्यानं म्हणवेना. आणि सात वर्षांची पोर तोच शब्द माझ्याकडे रोज मागत होती.

आम्हाला मूल नाही. आमच्या ह्यांचं गुलमंडीत कापडाचं लहानसं दुकान आहे, घर मुकुंदवाडीला. आम्हा मुसलमानांत दत्तक घेऊन मुलाला आपलं नाव लावत नाहीत, पण बाप गेलेल्या लेकराला घरात वाढवणं याहून मोठी नेकी नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे सरकारच्या प्रतिपालक कुटुंब योजनेविषयी कळलं तेव्हा वाटलं, ही कुणीतरी आपल्यासाठीच काढली असावी. मूल आपल्याकडे वाढतं, नाव त्याच्या बापाचंच राहतं. पोलिसांची पडताळणी झाली, दवाखान्यातल्या तपासण्या झाल्या. मग बाल संरक्षण कार्यालयातल्या वाघमारे मॅडम घर बघायला आल्या. त्यांनी पाण्याच्या टाकीपासून नवराबायकोच्या भांडणापर्यंत सगळं विचारलं. "भांडणं कुठली मॅडम? ही बोलायला लागली की मी दुकानात जातो," असं आमचे हे म्हणाले. मॅडम हसल्या. चप्पल घालता घालता मात्र माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एक ध्यानात ठेवा. लेकरू तुमचं होणार नाही. त्याचं घर सावरलं की ते तिकडं जाणार. जमंल ना?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं?" उचलली जीभ अन् लावली टाळ्याला!

बालकल्याण समितीची मंजुरी मिळाली आणि काही दिवसांनी नाझिया आली. पाचोडजवळच्या एका खेड्यातली. बाप वारलेला, आई क्षयानं दवाखान्यात पडलेली, आणि नेहमीची औषधं तिला लागू पडत नव्हती. मला ती खाला, म्हणजे मावशी म्हणायची. पहिले काही आठवडे पोरगी माठातलं पाणीसुद्धा विचारून प्यायची. "खाला, पानी पिऊ का?" मला गलबलून यायचं. मग एका दुपारी तिनं न विचारता पेला बुडवला, गटागटा प्यायली आणि खेळायला पळाली. मी तिथंच ओट्याला टेकून रडले. त्यानंतर तिचं तोंड सुटलं ते सुटलंच. दुकानात जाऊन ह्यांना सांगायची, "तुम्ही लई भाव सांगता, म्हनून गिऱ्हाईक पळतं." हे खरोखर भाव उतरवायला लागले. बायकोचं वीस वर्षं ऐकलं नव्हतं, हिचं ऐकलं.

संध्याकाळी मगरीबची नमाज झाली की ती माझ्या शेजारी बसून हात उचलायची. "या अल्लाह, मेरे अम्मी कू अच्छा कर दे." आणि माझ्याकडे बघायची. "खाला, आमीन म्हना. दुसऱ्यानं म्हटलं की लवकर पोचतं, अम्मी सांगते." आमीन, म्हणजे असंच होवो. सुरुवातीला मी हौसेनं म्हणायचे. पण तिची वेणी घालायची, तिला डबा करून द्यायचा, तिचं डोकं मांडीवर घ्यायचं हे अंगवळणी पडत गेलं, तसा तो शब्द जड होत गेला. आई बरी झाली की नाझिया जाणार. म्हणजे मी रोज तिन्हीसांजेला काय मागत होते? माझंच घर रिकामं कर, असंच ना?

अशात एका दुपारी मॅडमचा फोन आला. "आईचं काही खरं दिसत नाही हो. तसं झालंच तर पोरगी बहुतेक तुमच्याकडंच राहील." कसं सांगू? वाईट वाटायच्या आधी मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. मग माझीच मला भीती वाटली. पलीकडे एक बाई श्वासासाठी झगडत होती, आणि तिच्या जाण्यावर माझं मन घर बांधायला निघालं होतं.

त्या संध्याकाळी नाझियानं नेहमीसारखी दुआ मागितली आणि थांबली. मी नुसते ओठ हलवले. ती कसली फसते! "खाला, तुमचा आवाज नाय आला." मी म्हटलं, घसा दुखतोय. तिनं थोडा विचार केला आणि पुन्हा हात उचलले. "या अल्लाह, खाला का गला अच्छा कर. और खाला कू बी एक बेटी दे. मैं गई तो खाला अकेली पडेंगी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता हे तरी म्हना. हे तुमच्यासाठी हाय."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी तिला धरून ठेवायला बघत होते, आणि ती माझ्या एकटेपणाची सोय लावत होती! हे कुणी शिकवलं तिला? मी तर नाही. त्या खोलीत त्या वेळी आम्हा दोघींखेरीज कुणीतरी होतं, याहून जास्त मला सांगता येत नाही. मी आमीन म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. तिच्या दोन्ही दुआंना मिळून ते एकच आमीन गेलं, आणि मी अशी हमसून रडले की हे धावत आत आले.

पुढं नव्या औषधांनी गुण दिला. डॉक्टर म्हणाले औषधानं, आणि ते खरंच आहे. मी कुणाशी वाद घालत नाही. आईचं वजन वाढलं, तपासण्या चांगल्या आल्या, आणि समितीनं नाझियाला घरी पाठवायचं ठरवलं.

आम्हीच तिला सोडायला गेलो. पाचोडला बाजार भरलेला, गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली, आणि ही खिडकीतून आपलं गाव जवळ आल्याच्या खुणा सांगत होती. तिची आई दारात उभी होती. काटकुळी, पण उभी. नाझिया तिच्या कुशीत शिरली ते पाहिलं आणि माझ्या मनातली उरलीसुरली तक्रार गळून पडली. चहा झाला. नाझिया ह्यांना शेळीचं पिल्लू दाखवायला घेऊन गेली, तेव्हा तिच्या आईनं थोरल्या बहिणीचा धरावा तसा माझा हात धरला.

"आपा, मी दवाखान्यात रोज दुआ मागायची."

"बरं होण्यासाठी, नाही का?"

"नाय. ते मागायला माझी पोरगी होती की. मी मागायची, माझं काय बी होऊ दे, पन पोरीला त्या बाईजवळच राहू दे. तिलाच तिची आई करून टाक." ती हसली आणि पदरानं डोळे पुसले. "लई मनापासून मागितलं, आपा. पन अल्लाहनं माझं नाय ऐकलं, पोरीचं ऐकलं."

मला एक शब्द देताना जड जात होतं. तिनं खाटेवर पडल्या पडल्या आपली लेक मला देऊन टाकली होती. मी तिच्या पायाशी वाकले, तिनं मला वाकू दिलं नाही.

घर आता शांत आहे, आणि ती शांतता मला टोचते. खोटं कशाला बोलू? लेकरू ही अमानत असते, सांभाळायची आणि मालकाच्या हवाली करायची, हे मी कितीदा ऐकलं होतं. माझ्याच्यानं ते होणार नव्हतं. अल्लाहनंच माझ्या मुठीतलं एकेक बोट सोडवलं, तेही दोन गरीब मायलेकींच्या हातून, आणि मला फार दुखू नये एवढी काळजी घेऊन. आमचं नाव अजून प्रतिपालकांच्या यादीत आहे. कुणी आलं तर दार उघडं आहे. नाही आलं तरी माझी तक्रार नाही. मी एकटी पडेन म्हणून अल्लाहपाशी कुणीतरी हात पसरले होते, याचेच शुक्र मानायला मला हा जन्म पुरायचा नाही.