डाव्या दाराचं लॉक

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर रोह्याच्या बाजूला वरशाला लेकीकडे वाल पोचवले. गाडी जुनी. डावीकडचं दार बंद पडलेलं. बाहेरून किल्ली आत शिरेना, आतली कडी ओढली तर नुसती हलायची. म्हणून माझी बायको माझ्या दारानं शिरायची, गियरच्या दांड्यावरून पलीकडे सरकायची, मग मी बसायचो. त्या दिवशी उतरताना तिचा पदर दांड्यात अडकला.

"अवो, दार नीट करा. ह्या वयात माकडासारख्या उड्या मारायला लावता."

"करतो गो. शिमगा होऊ दे."

"कुठल्या सालचा शिमगा, ते बी सांगा."

लेक हसून बेजार. चहा प्यालो, पेणला परत आलो. पुढच्या आठवड्यात बायकोच्या छातीत कळ आली आणि ती गेली. डॉक्टर बोलवायलासुद्धा वेळ दिला नाय.

तेरावं झालं. मग एक दिवस मुलगा म्हणाला, "बाबा, गाडी भंगारात देऊ. वडखळचा माणूस उद्या सकाळी बघायला येतो. एका दाराची गाडी ठेवून काय करायचं?"

पोरगा खरं बोलत होता, म्हणून जास्तच राग आला. तिची बसायची जागा मी भंगारवाल्याला देणार नव्हतो.

"दार उघडलं तर गाडी राहील. कबूल?"

"उघडलं तर बघू."

मी चौथी नापास. हयात मिठागरात गेली, नंतर डोलवीला ठेकेदाराकडे. लॉकच्या पोटात कधी बघितलं नव्हतं. पण माणसानं बसवलंय ते माणसाच्यानं निघायलाच पाहिजे. तिच्या जागेवर बसून काचेचं हँडल काढलं, कडीचे स्क्रू काढले. दाराचं आतलं कव्हर हलेना. स्वयंपाकघरातून उलथनं आणलं आणि तव्यावरची भाकरी सोडवतात तसं कडेकडेनं घातलं. फटाफट क्लिपा सुटल्या! आत हात घातला तर कडीपासून लॉककडे जाणारी सळई खाली लोंबत होती. तिला धरणारा प्लॅस्टिकचा इवलासा तुकडा तुटला होता. बस, एवढंच! सायकलच्या ट्यूबचं रबर आणि तांब्याची तार गुंडाळून सळई बांधली. कडी ओढली, गुडघ्यानं रेटा दिला. खट्ट! दार उघडलं आणि मी अर्धा अंगणात.

आता थांबतोय कोण! उघड्या दारातून किल्ली शिरते तो लॉकचा गोल भाग काढला, रॉकेलच्या वाटीत टाकला. काडीनं कोरलं. आतून पिवळा-तांबडा लगदा आला, आणि त्यात तांदूळ. अख्खे तांदूळ!

बघतच राहिलो, मग एकट्यानंच मोठ्यानं हसलो. दर दसऱ्याला ही बाई गाडीची पूजा करताना किल्लीच्या भोकावर ओलं हळदकुंकू आणि अक्षता चेपायची. "घराच्या उंबऱ्याला लावतात, मग हिच्या दाराला नको?" आणि फक्त डावीकडे. "तुमचं दार तुमी बघा." किल्ली घट्ट लागली की मी वरून खोबरेल ओतायचो. थंडीत खोबरेल गोठायचं, त्यावर मिठागराची धूळ. तिची पूजा आणि माझं तेल, दोघांनी मिळून लॉकचं पार सिमेंट केलेलं.

"अगो, हे बघ काय निघालं!" मी ओरडलो. तोंडातून निघून गेलं.

मुलगा बाहेर आला. वाटीत बोट घालून त्यानं एक तांदूळ उचलला.

"आईचा?"

"मग काय माझा? किल्ली आण."

किल्ली लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. फिरली. आम्ही दोघं लहान पोरांसारखे आळीपाळीनं दार उघडत होतो, लावत होतो. शेजारीण ओरडली, "काय चाललंय तुमचं?"

"लॉक नीट केलं!" मी म्हटलं. "मी केलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वडखळचा माणूस आला. त्याला चहा पाजून वाटेला लावला. मुलगा डावीकडे शिरायला वळला, त्याला म्हटलं, "तिकडं नाय. तू चालव." किल्ली लावून दार उघडलं, आधी पाय आत घेतला, मग बसलो. दार ओढून घेतलं आणि म्हटलं, चल, वरशाला.