मालनताईंचा क्लायंट

मालन घाडीगावकर या बाईंनी माझा जीव घ्यायचा पहिला प्रयत्न केला तो अकरा वर्षांपूर्वी, बोरीवलीत, आमच्या सोसायटीच्या जिन्यात. मी उतरत होतो आणि समोरून एक पांढरा फळा वर चढत होता. फळा दाराएवढा असेल. मला तो त्या क्षणी क्रिकेटच्या मैदानाएवढा दिसला. त्याला खाली दोन पाय होते. मी भिंतीला चिकटलो, फळा मला चिकटला, आणि मागून आवाज आला, "बघताय काय? धरा की!"

धरला. लिफ्ट बंद होती. पहिल्या मजल्यावर कळलं की बाई देवगडकडच्या, वडील गिरणीत होते. दुसऱ्या मजल्यावर कळलं की त्या मरोळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आहेत. तिसऱ्यावर माझा डावा खांदा गेला. चौथ्यावर त्यांच्या दारात फळा टेकला तेव्हा मी त्यांच्या ग्रामस्थ मंडळाच्या गणपती बस कमिटीचा सभासद झालेलो होतो. मी मूळचा कऱ्हाडचा. कोकणात माझं कुणी नाही.

"मग बरंच की," त्या म्हणाल्या. "मेव्हण्यासाठी खिडकी मागणार नाही तुम्ही."

हे मंडळ म्हणजे आंबेखोल गावच्या मुंबईकरांचं. कांदिवलीला त्यांची एक खोली आहे. तिच्यात दशावताराचे मुकुट, दोन मृदंग, पेटी आणि घडवंच्या इतक्या ठासून भरल्या आहेत की माणसाला बसायला जागा नाही. त्यामुळे गणपतीआधी महिनाभर रोज संध्याकाळी मीटिंग व्हायची ती उभ्यानंच. एकेकानं तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. चौथी गोष्ट काढली की मालनताई म्हणायच्या, "पुढचो!" मालनताईंच्या घरी तो फळा, त्यावर रंगीत चिठ्ठ्या. निळी म्हणजे सीट पक्की, पिवळी म्हणजे साहेब रजा देत नाही, गुलाबी म्हणजे मांडीवर मूर्ती आहे, मागच्या, खड्डे लागणाऱ्या सीटवर बसवू नका. यादी रोज बदलायची. कुणाची सासू वाढायची, कुणाचं भांडण व्हायचं आणि एक कुटुंब दोन बसमध्ये विभागलं जायचं. चौदा वर्षं मालनताईंनी हे चालवलं आणि एकही गणपती उशिरा पोचला नाही.

दिवसा कंपनीत त्यांचं पद सीनिअर को-ऑर्डिनेटर. टीमचं काम त्याच हाकायच्या. टीम लीडच्या खुर्चीत मात्र दर दोन वर्षांनी एक नवा तरुण येऊन बसायचा. शेवटचा यज्ञेश. वय एकोणतीस, मुलगा गोड, बोलताना हातानं हवेत चौकोन काढायचा. तो बढती घेऊन जाणार होता आणि खुर्ची रिकामी होणार होती. त्याच वेळी कंपनीनं फर्मान काढलं: आपण आता 'अजाइल' पद्धतीनं काम करणार, मार्चअखेर प्रत्येकानं सर्टिफिकेट आणावं. सर्टिफिकेटं दोन प्रकारची. छोटं दोन दिवसांत मिळायचं. बसून ऐकायचं, जेवायचं, सोप्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. मोठ्याला तीन तासांची परीक्षा, आणि त्याआधी अनुभवाचा फॉर्म भरून एका परदेशी संस्थेला पटवायचं. लीड व्हायचं तर मोठंच हवं.

यज्ञेशनं मालनताईंसमोर छोट्याचा कागद सरकवला. "मॅडम, तुमच्यासाठी हे बेस्ट. टेन्शन नाही ना."

"या पद्धतीत करतात काय रे नक्की?"

यज्ञेशनं हवेत चौकोन काढून समजावलं. काम एकदम आखायचं नाही, तुकडे पाडायचे. रोज उभ्यानं मीटिंग घ्यायची. तीन प्रश्न विचारायचे. फळ्यावर चिठ्ठ्या लावायच्या.

मालनताईंनी तो कागद त्याच्याकडे परत सरकवला. मग म्हणाल्या, "यज्ञेश, मोठ्याचा फॉर्म दे."

"मॅडम, त्यात लोक दोन-दोनदा नापास होतात."

"मी बावन्न वर्षांची आहे. मी नापास झाले तर माझी आई मारणार आहे का? दे."

फॉर्म त्यांनी आमच्याच जेवणाच्या टेबलावर बसून भरला. अनुभवात कंपनीचं काम लिहिलं आणि वर ठसक्यात गणपतीच्या बसही लिहिल्या. मी चाचरत म्हटलं, "ताई, बस लिहायची का?"

"का नाही? सहाशे बारा माणसं, एकेचाळीस मूर्ती, अकरा बस. तुमच्या कऱ्हाडात हलवलंय कुणी?"

पुढच्या रकान्यात क्लायंटचं नाव विचारलं होतं. म्हणजे काम कुणासाठी केलं. मालनताईंनी क्षणभरही विचार न करता लिहिलं: श्री देव रवळनाथ, मुक्काम आंबेखोल. त्यांच्या मते यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. गाव देवाचं, माणसं देवाची, मग बस कुणासाठी?

संस्था काही अर्ज उलटून तपासते. नेमका हाच निवडला. पत्र आलं: श्री. रवळनाथ यांची सही आणि दूरध्वनी क्रमांक पाठवावा.

यज्ञेश हसून हसून खुर्चीतून घसरला. मग डोळे पुसत म्हणाला, "वाट लागली, मॅडम. ते बसवालं काढून टाका आणि छोटं सर्टिफिकेट घ्या. पटकन होईल."

"मी खोटं काय लिहिलंय ते सांग."

"खोटं नाही हो, पण..."

"मग काढणार नाही. तुम्ही लोक पुस्तकातून शिकलात ते खरं, आणि आम्ही चौदा वर्षं उभ्यानं केलं ते गंमत? पाठवते सही."

आता सही कोण करणार? मंडळाचे अध्यक्ष धोंडू परब, सगळ्यांचे आबा, वय अठ्ठ्याहत्तर. मालनताईंनी कागद पुढे केला तसे ते दोन पावलं मागे सरले आणि मुकुटांवर आदळले.

"देवाच्या जागेर मी सही करू? खुळावलंस काय गो? कौल लावूक होयो!"

कौल म्हणजे देवाला प्रश्न विचारून मूर्तीवर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. रविवारी सकाळी गावच्या गुरवानं व्हिडिओ कॉल लावला. कांदिवलीच्या खोलीत आम्ही चौदाजण फोनभोवती उभे. गुरवानं गाऱ्हाणं घातलं: बा देवा म्हाराजा, तुझी लेक परदेशातली परीक्षा देता हा, आबांनी तुझ्या वतीनं सही करूची काय नको, तां सांग. पाकळी हलेना. रेंज गेली, आली. मालनताई फोनकडे बघून पुटपुटल्या, "चौदा वर्षं तुझे भक्त वेळेत आणले मी. आता बघून घे."

उजवी पडली. धोंडूआबांनी सही केली, खाली मंडळाचा शिक्का मारला आणि देवाचा म्हणून स्वतःचा मोबाईल नंबर दिला. दहा दिवसांनी त्यांना खरोखर फोन आला. आबा पाच मिनिटं मालवणीत बोलले, पलीकडचा माणूस इंग्रजीत, आणि अर्ज मंजूर झाला. हे कसं झालं ते मी आजतागायत सांगू शकत नाही.

परीक्षा अंधेरीच्या केंद्रावर. बाहेर आल्या त्या तणतणतच. "एक प्रश्न होता, टीममधला एकजण मीटिंगमध्ये फार बोलतो, काय कराल? चारही पर्याय मऊ. त्याला गप कर असा पर्यायच नाही! मी माझ्या मनातलं उत्तर बाजूला ठेवलं आणि सगळ्यात मऊ होता तो निवडला."

पहिल्या झटक्यात पास. यज्ञेशनं सगळ्या मजल्यासमोर टाळ्या वाजवल्या. त्याला स्वतःला तिसऱ्या वेळी जमलं होतं, हे त्यानं त्या दिवशी कबूल केलं. एक एप्रिलला मालनताई लीडच्या खुर्चीत बसल्या आणि पहिल्याच मीटिंगला त्यांनी खोलीतल्या सगळ्या खुर्च्या बाहेर काढायला लावल्या. एका पोरानं विचारलं, बसायचं कुठे? "पुढचो," मालनताई म्हणाल्या.

जुलैमध्ये त्या टीमच्या अमेरिकन ग्राहकानं करार वाढवला नाही. टीम मोडली, आणि मालनताई आता त्याच कंपनीच्या ऐरोलीच्या ऑफिसात पुन्हा सीनिअर को-ऑर्डिनेटर आहेत.