घरं बघणारी डेल्फिना

डेल्फिना मोंतेरोला घरं बघायचं वेडच आहे, असं तिच्या चर्चमधल्या बायका म्हणायच्या. "तीस वर्षं त्याच तिसऱ्या मजल्यावर राहतेय, आणि गावातली एक रिकामी खोली बघायची सोडली नाही हिनं!" त्यांतली आल्दा तर तोंडावर विचारायची, "काय गं, राजवाडा शोधतेस की काय?" डेल्फिना हसून गप्प बसायची. गप्प बसणं हा तिच्या नोकरीचाच भाग होता.

नोकरी अशी की रंग बघून खोली नाकारणारे मालक पकडायला नगरपालिकेच्या भाडेकरूंच्या लहानशा खात्यासाठी ती खोटी भाडेकरू व्हायची. घरमालकाकडे आधी डेल्फिना जायची. आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवरची, सावळी, इंग्रजी बोलताना शब्द घोळवणारी. तासाभरानं कॅरल जायची, इथलीच, गोरी. पगार दोघींनी सारखाच सांगायचा, कुटुंबही सारखंच. "कालच दिली हो खोली," असं डेल्फिनाला सांगणारा मालक कॅरलच्या हातात किल्ली ठेवायचा, वर गाडी लावायची जागाही दाखवायचा. मग डेल्फिना कोपऱ्यावरच्या बाकावर बसून सगळं लिहून काढायची. किती वाजता, कोण, नेमके कुठले शब्द. मासळीच्या कारखान्यात अठरा वर्षं काढल्यामुळे बोटं आखडलेली, अक्षर वेडंवाकडं, पण शब्द एकही इकडचा तिकडे व्हायचा नाही. पंधरा वर्षांत तिच्या कागदांवरून अकरा मालकांना दंड झाला. सुरुवातीला ती घरी येऊन रडायची. पुढं सवय झाली, आणि सवय झाल्याचंच तिला जास्त वाईट वाटायचं.

ऑक्टोबरात तिच्या धाकट्या भावाचा, अदेलिनोचा पाय साखरेपायी गुडघ्याखाली कापला. बायको गेल्यापासून तो डेल्फिनाकडेच राहायचा. बंदरावर जाळी दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर वाऱ्यात असायची सवय. आता मध्ये एकेचाळीस पायऱ्या. डॉक्टरकडे न्यायचं तर अग्निशमन दलाची चार माणसं त्याला खुर्चीसकट उतरवायची. पहिल्यांदा तो म्हणाला, "बघ माना, राजासारखी मिरवणूक निघाली माझी!" थोरल्या बहिणीला तो मानाच म्हणायचा. तिसऱ्या खेपेला त्यानं डोळ्यांवर टोपी ओढली. नंतर त्यानं खाली न्या म्हणणंच सोडलं.

त्या हिवाळ्यात डेल्फिना पहिल्यांदा स्वतःसाठी घर बघू लागली. तळमजला, रुंद दार, बास. आणि लगेच पुढच्या वसंतात नगरपालिकेचा अर्थसंकल्प आला. महापौरांनी भाडेकरूंचं खातं, अपंगांसाठीचे रस्त्यांचे उतार आणि परदेशातून आलेल्यांचं मदत केंद्र, असं सगळं एकाच थैलीत घातलं आणि थैली निम्मी केली. कुणाला किती ते सुनावणीत ठरेल, म्हणाले. म्हणजे चाकांच्या खुर्चीवाल्यांनी आणि नव्यानं आलेल्यांनी एकमेकांसमोर उभं राहून आपलं दुखणं मोठं आहे हे सिद्ध करायचं.

खात्याची प्रमुख रूथ डेल्फिनाच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"आकडे मी सांगेन. पण आकडे सांगितले की ते फोनमध्ये डोकं घालतात. तू बोललीस तर ऐकतील."

"टीव्हीवर माझं तोंड दिसेल, रूथ."

"दिसेल. मग हे काम तुला परत कधी करता येणार नाही. मी आग्रह करत नाही."

रूथ गेल्यावर अदेलिनो आतून म्हणाला, "नको जाऊस, माना. आधी घर मिळू दे, मग बोल काय बोलायचं ते."

"सुनावणी मंगळवारी आहे. बुधवारी बोलून काय उपयोग?"

ती गेली. प्रत्येकाला दोन मिनिटं होती. तिनं कुणाचं नाव न घेता अकरा नकार जसेच्या तसे म्हणून दाखवले. फोनमध्ये घातलेली डोकी वर आली. मग ती म्हणाली, "मी पगार घेऊन हे ऐकत आले. बाकीचे फुकट ऐकतात. माझ्या भावाला एक पाय नाही. त्याला हे खातंही हवंय आणि रस्त्याचे उतारही. इथं तुम्ही आम्हाला दोन बाजूंना बसवलंय. माझ्या घरी दोन्ही बाजू एकाच टेबलावर जेवतात." घंटा वाजली. "धन्यवाद. पुढचे," अध्यक्ष म्हणाले. सहा विरुद्ध तीन मतांनी थैली निम्मीच राहिली. भाडेकरूंचं खातं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी आल्दा काचुप्याचं, त्यांच्याकडच्या मका-घेवड्याच्या कालवणाचं, पातेलं घेऊन तीन मजले चढून आली. "मला काय माहीत गं," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसत बसली.

पण ते बोलणं टीव्हीवर घरमालकांनीही पाहिलं होतं. दोघांनी दारच उघडलं नाही. गुलार्त नावाच्या एका म्हाताऱ्या मालकानं मात्र आत बसवून कॉफी दिली. त्याचा तळमजला म्हणजे हवा तसाच. आईसाठी त्यानं दाराशी लाकडी उतारसुद्धा करून घेतला होता.

"मला तुमच्या रंगाचं काही नाही, बाई," तो म्हणाला. "माझ्या आईलाही परदेशी म्हणून या गावात कुणी खोली देत नव्हतं. पण तुम्ही लिहून ठेवता. आज नळ गळला की उद्या कागद तयार."

"ते काम संपलं. खातंच राहिलं नाही."

"सवय कुठं जाते?"

"हा सूड झाला, गुलार्तसाहेब. कायद्यात बसत नाही हे."

"मग तक्रार करा," तो म्हणाला. आवाजात कुचकेपणा नव्हता. कप उचलता उचलता त्यानंच विचारलं, "पण करणार कुठं?"

रूथला आता गाड्यांचे परवाने द्यायला बसवलं होतं. तिनं फोनवर राज्याच्या कार्यालयाचा पत्ता दिला. तिथं चौदा महिने थांबावं लागणार होतं. डेल्फिनानं अर्ज भरला.

ऑगस्टच्या उकाड्यात अदेलिनोच्या दुसऱ्या पायालाही जखम झाली. छताखाली भट्टीसारखं तापायचं. एका दुपारी तो बोलून गेला, "त्या दिवशी तू तोंड उघडलं नसतंस तर आज मी अंगणात बसलो असतो."

डेल्फिना भांडी घासत राहिली. मागे वळली नाही. भांडी संपत आली तेव्हा तो म्हणाला, "चांगलं बोललीस तशी. फक्त टीव्हीवर जाड दिसत होतीस."

"तू बारीक होतोयस म्हणून तुला तसं दिसतं," ती म्हणाली. मग ओल्या हातांनीच त्याच्याजवळची खिडकी उघडायला गेली.

सप्टेंबरात त्यानं स्वतःच ठरवलं. इस्पितळातल्या बाईनं आणलेल्या कागदावर सही केली आणि दूरच्या गावातल्या शुश्रूषागृहात गेला. "मला उचलता उचलता तू या पायऱ्यांवर मरशील, माना," म्हणाला.

तिथं त्याची खोली तळमजल्यावर आहे, दार हिरवळीकडे उघडतं. पण त्याची भाषा कुणाला येत नाही. शेजारच्या खाटेवरचा पोलिश म्हातारा आणि तो एकमेकांना नुसती मान हलवतात. परिचारिकेनं काही विचारलं की तो इंग्रजीत "ठीक" म्हणतो. दुखत असलं तरी ठीकच.

डेल्फिना दर रविवारी दोन बस बदलून जाते. आठवड्याचं सगळं बोलणं तो त्या दोन तासांत काढून घेतो. बंदरावर कोण आलं, आल्दाच्या नातीचं काय झालं. परतीची शेवटची बस चारला सुटते. साडेतीन झाले की तिच्या आधी तोच घड्याळाकडे बघतो आणि म्हणतो, "ऊठ, माना. चुकेल."