डोलिनाचा शनिवार

स्कॉटलंडच्या लुईस बेटावरच्या त्या गावात मेंढीवरून तंटा झाला की डोलिना मॅकायव्हर सांगेल ती पूर्वदिशा. मेंढीचा कान चाचपायची, त्यावर कापलेली मालकाची खूण ओळखायची आणि मालकाचं नाव घेऊन मोकळी व्हायची. घरच्या मागावर ट्वीड विणणारी ही विधवा तोंडाची फटकळ, पण शब्दाची पक्की.

मग तो फोटो आला. दर्यावर्दी भावाने दिलेल्या कॅमेऱ्यात तिने माळावर तरंगणारी तबकडी टिपली. शनिवारी दुपारी, असं तिने सांगितलं. ग्लासगोच्या पेपरने फोटो छापला आणि विद्वानांना आयतंच काम मिळालं. कुणी म्हणे परग्रहावरचं यान, कुणी म्हणे कपड्यांच्या दोरीला टांगलेलं पातेल्याचं झाकण. शेवटी एका प्राध्यापकाने वर्मावर बोट ठेवलं. त्या शनिवारी बेटावर दिवसभर पाऊस होता. मग फोटोत दोरीच्या खांबाची सावली कुठून आली?

लोकरकापणीला सगळा गाव मेंढ्यांच्या दगडी कुंपणात जमला होता. एका मेंढीवरून गावातला अँगस मर्डोशी हमरीतुमरीवर आला. डोलिनाने कान चाचपला. "मर्डोची."

"मावशी, ही मेंढी तरी खरी ना?" अँगस म्हणाला. "का हेपण झाकणच?"

सगळे खो खो हसले. चर्चचा वडीलधारा मर्डो, ज्याच्या बाजूने तिने कौल दिला, तोही खाली बघू लागला. ते तिला झोंबलं. प्राध्यापक गेला उडत, पण मर्डोनेही शंका घ्यावी?

"शनिवार नव्हताच तो," ती म्हणाली. "रविवार होता."

हसू जागीच विरलं. रविवारी विहिरीचं पाणीसुद्धा न शेंदणारं ते गाव.

"देवाच्या वारी कॅमेरा हातात घेतलास, डोलिना?" मर्डोने विचारलं.

"घेतला. तुम्हाला कळू नये म्हणून वार बदलला, एवढंच माझं खोटं. फोटोतली दोरी बघा की! असं लख्ख ऊन आणि दोरीवर एक मोजा नाही. रविवार सोडून इथल्या कुठल्या बाईची दोरी अशी रिकामी राहते?"

बायकांनी आधी माना डोलावल्या.

"चर्चमधल्या पुढच्या प्रभुभोजनाला तुला बसता येणार नाही," मर्डो जड आवाजात म्हणाला.

"ठाऊक होतं. म्हणूनच तर गप्प होते."

मर्डो जवळ आला. "आणि ते... वर काय होतं गं?"

"मला काय माहीत? दिसलं ते टिपलं."

ग्लासगोत वाद अजून चालूच आहे. गावात तो तिथेच मिटला, कारण असलं पाप कुणी मुद्दाम रचून स्वतःच्या माथी मारून घेत नाही. अँगसने ती मेंढी मुकाट्याने मर्डोच्या कळपात ढकलली. मग टोपी काढून दुसरी मेंढी डोलिनापुढे आणली.

"मावशी, ही कुणाची?"