भाऊजींच्या गाडीची काच

भाऊजींना निवांत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. तुमच्या आजोबांचे हे धाकटे भाऊ चहासुद्धा दाराशी उभं राहून प्यायचे. "बसा हो जरा," म्हटलं की म्हणायचे, "बसून काय वाढतं वहिनी? पोटच ना?" आणि रिकामा कप माझ्या हातात देऊन जिना उतरायचे.

ते बसायचे फक्त गाडीत, आणि तिथेही एक हात सतत काचेवर. वाशीत आमची इमारत नवी होती तेव्हा पलीकडे सगळी खाडी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तिकडून गार धुकं यायचं. बाहेर गारठा आणि आत माणसांचे श्वास, म्हणजे पुढच्या काचेवर आतून वाफ धरायचीच. तुमच्या गाडीत त्यासाठी एक बटण असतं. भाऊजींच्या जुन्या गाडीत जुन्या धोतराचा तुकडा होता आणि अर्धा कापलेला बटाटा. बटाटा काचेवर घासला की वाफ धरत नाही, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. "भाजी झाली की हाक मारा," असं तुमची आई मागून चिडवायची.

गाडीत त्यांचे कायदे होते. "मागच्यांनी नाकानं श्वास घ्या. तोंडं बंद. ज्याला बोलायचंय त्यानं काच खाली करून बाहेर बोला." हे कायदे मोडायची मुभा एकट्या मीनूला, म्हणजे तुमच्या आईला. भाऊजींना मूलबाळ नव्हतं. समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायचे आणि मीनूला शाळेत, क्लासला, पूल ओलांडून कॉलेजच्या परीक्षेला तेच न्यायचे. ती सातवीत असतानाच त्यांनी जाहीर केलं होतं, "हिला लग्नाला मी नेणार. माझ्याच गाडीतून."

लग्न पुण्याला ठरलं, तेही जानेवारीत, आणि लग्नानंतर ती परदेशी जाणार होती. "बस केलीच आहे. सगळे बसनं जाऊ," तुमचे आजोबा म्हणाले. भाऊजी दाराशी उभे होते, तिथूनच उसळले. "नवरी काय सहलीला निघालीय दादा? एवढं एकच मागितलं होतं मी." मग आजोबांनी ते मान्य केलं.

त्या दिवशी पहाटे सासूबाईंनी आम्हा सगळ्यांना डोक्यावरून न्हायला लावलं. लग्नाच्या दिवशी केस कोरडे ठेवून कसं चालेल? पंच्यानं कितीही खसाखसा पुसलं तरी कमरेपर्यंतचे केस तासाभरात वाळत नाहीत. मीनू पुढे, मागे सासूबाई, माझी बहीण आणि मी; चौघींची डोकी ओली. सासूबाईंना दमा, म्हणून सगळ्या काचा घट्ट बंद. बस आमच्या मागे निघाली.

पनवेलच्या पुढे काच धुरकटू लागली. खोपोली सोडून घाट चढायला लागलो तर समोर नुसता दुधाचा पडदा. भाऊजी पुसत होते, बटाटा घासत होते, पुन्हा पुसत होते. पुसलेली जागा पुढच्या वळणापर्यंतही टिकेना.

"आई, काच थोडी खाली करू?" भाऊजींनी विचारलं.

"कर बाबा. मग मला इथेच उतरव," सासूबाई खोकत म्हणाल्या.

भाऊजींनी स्वतःच्या बाजूची काच उघडून डोकं बाहेर काढलं. तेवढ्यात वळणावरून एक ट्रक आला आणि इतका जवळून गेला की माझ्या बहिणीनं डोळे मिटून घेतले. भाऊजींनी गाडी कडेला घेतली. हातातलं फडकं पिळलं असतं तर पाणी गळलं असतं.

"काका, थोडं थांबून जाऊ," मीनू म्हणाली. "केस वाळतील."

"आणि मुहूर्त वाळत बसेल का?" ते हसले आणि त्यांनी तिच्या बाजूचं दार उघडलं. "चल, उतर. बस येतेय."

"नको ना काका."

"उतर म्हटलं ना! मला कडा दिसत नाही बाळ. तू आत असताना मी अंदाजानं गाडी नाही चालवणार."

बसला त्यांनीच रस्त्यात उभं राहून हात केला. आम्हा चौघींना चढवलं, मीनूचा शालू दारात अडकला तो सोडवला आणि दार स्वतः लावलं. वऱ्हाडातलं कोणीतरी ओरडलं, "काय हो, गाडीनं दगा दिला?" भाऊजी गाडीकडे वळले. ही टवाळी त्यांनी पुढे कित्येक वर्षं ऐकून घेतली, पण कारण कोणाला सांगितलं नाही. आता ते नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते.

आम्ही पुण्याला पोचलो तेव्हा त्यांची गाडी कार्यालयाच्या दारात आधीच उभी होती आणि भाऊजी तिच्याभोवती फेऱ्या मारत होते. मी घाबरून विचारलं, "एवढ्या लवकर कसे आलात? काचेतून दिसत होतं का?"

"लख्ख दिसत होतं वहिनी," ते म्हणाले. "तुम्ही उतरलात आणि दोन वळणांत काच साफ झाली. आत श्वास घ्यायला कोण होतं?"