एकच शिफारसपत्र

बालरोगाचं शेवटचं वर्ष होतं. मला आणि माझ्या एका वर्गमैत्रिणीला, दोघींनाही पुढे लहान मुलांच्या मेंदूविकारांचंच शिक्षण घ्यायचं होतं, आणि आमचे विभागप्रमुख सर दरवर्षी एकाच विद्यार्थ्याला शिफारसपत्र द्यायचे.

ती शहरातल्या उस्मानपुऱ्यातली, आईवडील दोघंही डॉक्टर. तिच्या घरी जेवताना फिट्सवर गप्पा व्हायच्या, आमच्याकडे कापसावर. मी घरातली पहिली पदवीधर. मला शिकवणाऱ्या प्रत्येकाचे उपकार मी मानते; पण तिला बाळं तपासताना बघितलं की हेवा वाटायचा.

एक गोष्ट मात्र माझी होती. खेड्यातल्या आया तिच्याशी बिचकत बोलायच्या, माझ्याजवळ मोकळ्या व्हायच्या.

एकदा ओपीडीत माझ्याच गंगापूरकडची एक आई सहा महिन्यांचं बाळ घेऊन आली. "पाय पोटाशी घेतंय अन् रडतंय, मॅडम. लई हैराण केलंय." आमच्याकडं असं झालं की ओव्याची पुरचुंडी गरम करून बाळाचं पोट शेकतात. मी पोटदुखी लिहून मोकळी झाले.

शेजारच्या टेबलावरून ती उठून आली. "ताई, मला नाही कळलं. बाळ करतं तसं करून दाखवता?"

"मी करू? लोकं हसतील की!"

"हसू द्या."

बाळ माझ्या हातात देऊन आईनं मान झुकवली, दोन्ही हात पुढं फेकले, गुडघे वर ओढले. सोडलं. पुन्हा तसंच. पुन्हा. "झोपंतून उठलं की धा-बारा डाव करतंय. मग रडतंय."

ती पोटदुखी नव्हती, फिट्स होत्या. उपचार लांबले तर अशा बाळाच्या मेंदूची वाढच खुंटते. मला सगळं ठाऊक आहे असं वाटलं, म्हणून मी विचारलंच नव्हतं.

ओपीडीत फेरीला आलेल्या सरांनी विचारलं, "कुणी ओळखलं?"

"दोघींनी, सर," ती म्हणाली.

तिचा तो मोठेपणा मला सहन झाला नाही. "नाही सर. मी पोटदुखी लिहिली होती."

सरांनी केसपेपर माझ्या हातात दिला. "मग आता तूच ॲडमिट कर. मेंदूचा ईईजी होईपर्यंत हलू नकोस."

पत्र तिला मिळालं, मला पुढच्या पत्रासाठी वर्षभर थांबावं लागलं. पत्र मिळालं त्या दिवशी कँटीनमध्ये ती म्हणाली, "कशाला सांगितलंस, वेडे? मी दोघींचं नाव घेतलं होतं ना!"

"म्हणूनच सांगितलं," मी म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून वॉर्डात गेले. खरं बोलल्याचं समाधान वगैरे काही वाटत नव्हतं.